ठकीचं दुसरं घर

वाघोलीच्या पुढे नगर रस्ता सोडून आत वळलं की शेतांच्या मधोमध एक पत्र्याची शेड होती. २२ जुलै २०२३ च्या शनिवारी आम्ही तिघी, कुत्र्यांना सोडवून घरं शोधून देणाऱ्या, तिथे पोहोचलो तेव्हा पावसाची झड लागली होती. पत्र्यावरच्या आवाजात आतल्या कुत्र्यांचं भुंकणं ऐकू येत नसेल असं मला वाटलं. दार उघडल्यावर कळलं, फारसं कुणी भुंकतच नव्हतं. कोंबड्यांच्या खुराड्यांसारखे जाळीचे पिंजरे एकावर एक तीन थरांत रचलेले, वरच्याची घाण खालच्याच्या अंगावर. शित्झू, पग, पॉमेरेनियन. घाईघाईत मोजली ती सव्वीस भरली.

बोलावलं होतं खुद्द मालकानेच. चार माद्या ‘रिकाम्या करायच्या’ होत्या. त्यातल्या एका शित्झूकडे बोट दाखवून तो म्हणाला, “ताई, हिचं सहावं वेत झालं. दोनच पिल्लं झाली, तीही गेली. आता नुसतं खायला घालणं परवडत नाही. न्यायची तर न्या, नाहीतर घाटात सोडून येतो.” वेत हा शब्द मी लहानपणापासून गोठ्यात ऐकलाय. पण माझ्या मामाच्या गोठ्यातली म्हैस व्यायली की तिला आधी गूळ घातलेलं गरम खाणं मिळायचं आणि मग माणसांना चहा.

कायदा काय म्हणतो ते आम्हाला पाठ होतं. कुत्र्यांची पैदास आणि विक्री याबद्दलचे केंद्राचे नियम २०१७ साली आले. ब्रीडरने, म्हणजे पैदास करून पिल्लं विकणाऱ्याने, राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे, मादी अठरा महिन्यांची होईपर्यंत तिला लावायचं नाही, वर्षात एकापेक्षा जास्त वेत नाही, आयुष्यात पाचाच्या वर नाही, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. यातलं बहुतेक सगळं त्या शेडमध्ये धाब्यावर बसवलेलं होतं. पण हे सगळे नियम १९६० च्या ज्या कायद्याखाली आहेत, त्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. शित्झूचं एक पिल्लू किती हजारांना जातं ते पुण्यात कुणालाही विचारा.

खरा पेच वेगळाच होता. तिथल्या तिथे पोलीस बोलावून जप्ती करायला लावली असती, तर कुत्री मुद्देमाल झाली असती. खटला निकाली निघेपर्यंत ती कुठल्यातरी आश्रयस्थानात राहिली असती. आजारी असली तरी त्यांना कायमचं घर देता आलं नसतं. मालकाने राजीखुशीने ताबा सोडला, तर चार जणी त्याच दिवशी मोकळ्या होणार होत्या आणि बावीस तिथेच राहणार होत्या. आम्ही ताबापत्रावर सही घेतली, फोटो काढले आणि चौघींना घेऊन निघालो. तक्रार दुसऱ्या दिवशी दिली. पुढे तपासणी झाली तेव्हा शेडमध्ये नऊच कुत्री सापडली. बाकीची कुठे गेली ते आम्हाला कधीच समजलं नाही. त्या दिवशी आधी तक्रार करायला हवी होती असं म्हणणारे आमच्यातच आहेत, आणि त्यांचं चुकतं असं मला ठामपणे म्हणता येत नाही.

चौघींपैकी तिघींना गणपतीपर्यंत घरं मिळाली आणि त्या रुळल्याही. लिहिण्यासारखं जे घडलं ते चौथीच्या बाबतीत, त्या सहा वेतांच्या शित्झूच्या.

डॉक्टरांकडे तिचे केस कापायला दोन तास लागले. जटा पायांपासून पोटापर्यंत एकमेकींत अशा गुंतल्या होत्या की मागचा पाय पुरता ताणताच येत नव्हता. कापलेल्या केसांचा गोळा काट्यावर ठेवला तर ३४० ग्रॅम. त्यानंतर तिचं वजन भरलं ३ किलो ९००. जन्मभर जाळीवर उभं राहिल्याने पंज्यांची बोटं फाकलेली होती. उजव्या पुढच्या पायाचं एक नख गोल वळून तळव्याच्या गादीत रुतलं होतं. चिमट्याने ते उपसून काढताना तिने तोंडातून आवाज काढला नाही, पायही ओढून घेतला नाही. जिथे ठेवली तिथे, जशी ठेवली तशी. कंपाउंडर म्हणाला, “ही तर ठकी आहे.” आमच्या आज्यांच्या खेळातली ती लाकडी बाहुली. नाव तेच राहिलं.

मालकाने वय पाच सांगितलं होतं, दातांनी सात-आठ सांगितलं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७ आणि प्लेटलेट्स ५८ हजार. निरोगी कुत्र्यात हिमोग्लोबिन बाराच्या वर असतं आणि प्लेटलेट्स दोन लाखांच्या आसपास किंवा त्याहून जास्त. गोचीडतापाची चाचणी पॉझिटिव्ह आली, म्हणजे डॉक्सीसायक्लिनचा २८ दिवसांचा कोर्स. सोनोग्राफीत गर्भाशयाची भिंत जाड झालेली दिसली आणि आत थोडं पाणी. गर्भाशयात पू होण्याची ती सुरुवात असू शकत होती. पण प्लेटलेट्स इतक्या कमी असताना पोट उघडलं तर रक्त थांबणार नाही, म्हणून डॉक्टरांनी दर चार दिवसांनी सोनोग्राफी करत सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत वाट पाहिली. मग एकाच भुलीत नसबंदी केली आणि स्तनाजवळची एक गाठ काढली. ती साधी निघाली. दातांसाठी वेगळी भूल द्यावी लागली. कुत्र्याला ४२ दात असतात, तिचे अकरा काढले.

डोळ्यांचं मात्र कायमचं होऊन बसलं. पापणीच्या कडेला कागदाची पट्टी लावून अश्रू मोजतात. मिनिटभरात पंधरा मिलिमीटर तरी ती भिजायला हवी. ठकीची डाव्या डोळ्यात चार भिजली आणि उजव्यात सहा. सायक्लोस्पोरिनचं औषध सकाळ-संध्याकाळ, जन्मभर. ही गोष्ट मी तेव्हा बाकीच्या औषधांच्या यादीत लिहून ठेवली आणि पुढे गेले. पुढचं सगळं प्रकरण या दोन थेंबांभोवती फिरणार आहे हे ओळखायला मला चार महिने लागले.

ती माझ्याकडे फॉस्टरला, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत राहायला, आली. पहिले अठरा दिवस तिने माझ्यासमोर अन्नाला तोंड लावलं नाही. वाटी ठेवायची, दिवा मालवायचा, दार ओढून घ्यायचं, मग आतून स्टीलच्या वाटीचा फरशीवर सरकल्याचा आवाज यायचा. खाण्याआधी ती स्वतःभोवती तीन-चार गिरक्या घ्यायची, इतक्या लहान वर्तुळात की बघताना पिंजऱ्याच्या चारही भिंती दिसायच्या. गुळगुळीत फरशीवर पाय टाकायला घाबरायची. म्हणून मी कोपऱ्यापासून गॅलरीपर्यंत गोणपाट आणि जुन्या सतरंज्या अंथरून वाट केली. ती त्या वाटेवरूनच चालायची, एक पाऊलही बाहेर नाही. शू-शी अंथरुणातच करायची. लोक याला घाणेरडी सवय म्हणतात. पिंजऱ्यात जन्म काढलेल्या कुत्र्याला जागा निवडण्याची संधीच मिळालेली नसते, ती निवड त्याला पहिल्यापासून शिकवावी लागते. दर दोन तासांनी उचलून गॅलरीतल्या मातीच्या ट्रेमध्ये ठेवायचं, झालं की काही न बोलता चिकनचा तुकडा खाली ठेवायचा. सहा आठवड्यांनी बिछाना कोरडा राहायला लागला.

माझ्यापेक्षा जास्त काम माझ्या गोट्याने केलं. गोट्या म्हणजे आमचा तीन पायांचा देशी कुत्रा, वय सात. त्याने तिच्याकडे कधी लक्ष दिलं नाही आणि तेच तिला हवं होतं. सव्विसाव्या दिवशी तो नेहमीसारखा उन्हाला गॅलरीत गेला आणि मागून सतरंजीच्या वाटेने ठकी गेली. त्याच्या शेपटापासून हातभर अंतर ठेवून बसली. मी स्वयंपाकघरात लाटणं हातात धरून तशीच उभी राहिले.

ब्रीडरकडून सुटलेल्या कुत्र्यांवर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झालाय. २०११ साली मॅकमिलन, डफी आणि सर्पेल या तिघांनी व्यावसायिक पैदास केंद्रांतून आलेल्या १,१६९ कुत्र्यांची माहिती त्यांच्या नव्या घरच्यांकडून गोळा केली. साध्या पाळीव कुत्र्यांपेक्षा त्यांच्यात भीती कितीतरी जास्त होती, घरात घाण करणं जास्त होतं, आक्रमकता मात्र कमी. वर्षानुवर्षं घरी राहूनही भीती पुरती गेलेली नव्हती. मी तो अभ्यास आधी वाचला होता, तरीही ठकीसाठी घर शोधायची पोस्ट लिहिताना पहिल्याच ओळीत टाकलं: ‘अतिशय शांत स्वभावाची.’

ती शांत नव्हती. ती थिजलेली होती. थिजलेलं कुत्रं उचलून घेता येतं, मुलांच्या मांडीवर ठेवता येतं, त्याच्या डोक्याला रिबिन लावता येते. ते चावत नाही, गुरगुरत नाही, पळतही नाही. फोटो सुंदर येतो. त्या एका शब्दामुळे तीन दिवसांत चाळीसच्या वर फोन आले. बरेचसे “पेपर आहेत का?” इथूनच सुरू झाले. एका गृहस्थांनी सरळ विचारलं, “नसबंदी का केलीत? एक वेत घेऊन मग केली असती.” केनेल क्लबचे कागद वंशावळ सांगतात, आई कुठल्या पिंजऱ्यात किती वर्षं होती ते त्यांत लिहिलेलं नसतं, हे मी त्या तीन दिवसांत इतक्या वेळा सांगितलं की घरातल्यांना पाठ झालं.

त्या सगळ्यांतून आम्ही सहकारनगरचं एक कुटुंब निवडलं. नवरा-बायको, दोन मुलं, आजी. माणसं सोन्यासारखी, आणि हे मी आजही म्हणते. घर पाहून आलो, खिडक्यांना जाळ्या होत्या, सोसायटीची हरकत नव्हती, आधीचं कुत्रं चौदा वर्षं सांभाळलेलं. आमच्या फॉर्ममधल्या प्रत्येक प्रश्नाला त्यांच्याकडे चांगलं उत्तर होतं. २८ ऑक्टोबरला, कोजागरीच्या दिवशी, आम्ही ठकीला तिथे सोडून आलो. दिवाळी दोन आठवड्यांवर होती. भित्रं कुत्रं दिवाळीच्या तोंडावर नव्या घरी द्यायचं नाही, हे या कामात नवख्यालासुद्धा सांगतात. चौदा आठवडे झाले होते, माझ्याकडे पग आजारी येऊन पडला होता, जागा हवी होती. कारणं खरी होती, निर्णय चुकला.

तिथे दिवस कसा जायचा ते मला नंतर कळलं. सकाळी शाळेची घाई, संध्याकाळी सहा ते नऊ क्लास, टीव्ही, मुलांचे मित्र, कुकर. आणि या सगळ्यात दोन वेळा डोळ्यांचं औषध. एकाने अंग धरायचं, दुसऱ्याने समोरून तोंड उचलून पापणी ओढायची. धरणारा धाकटा मुलगा होता, नऊ वर्षांचा, आणि तो तिच्याशी बोलत-बोलत अगदी मायेने धरायचा. पण ठकीला एवढंच कळत होतं की दिवसातून दोनदा माणसं चारी बाजूंनी येतात आणि सुटता येत नाही. चौथ्या दिवशी ती पलंगाखाली गेली. औषधासाठी तिला ओढून बाहेर काढायला लागले. दहाव्या दिवशी मुलांच्या आईचा, ताईंचा, फोन आला, “ती आमच्याकडे बघतसुद्धा नाही हो. आमचं काही चुकतंय का?” मी म्हटलं, वेळ द्या. तेव्हाच जाऊन तिला परत आणायला हवं होतं.

धनत्रयोदशीला, १० नोव्हेंबरला, संध्याकाळी पावणेआठला आजी दिवा लावायला दारात आल्या. जिन्यात फटाक्यांची माळ लागली आणि ठकी त्यांच्या पायांतून निसटली. गळ्यात पट्टा होता, छातीभोवती बांधायचा हार्नेस नव्हता. मुलगा पट्टा धरायला गेला आणि पट्टाच हातात आला.

रात्री बारापर्यंत सगळी सोसायटी “ठकी, ठकी” करत आंबिल ओढ्याच्या कडेपर्यंत फिरली. मी पोहोचले आणि आधी सगळ्यांना हात जोडून घरी जायला सांगितलं. हाका मारणं, मागे धावणं, टॉर्च मारणं यातून असं कुत्रं आणखी लांब जातं. पिंजऱ्यातली लहान कुत्री सहसा दूर जात नाहीत. मिळेल त्या पहिल्या फटीत शिरतात आणि तिथेच थिजतात. म्हणून शोध बाहेरून आत घ्यायचा. वॉचमनकाकांना घेऊन प्रत्येक गाडीखाली, मीटरच्या खोलीत, टाकीच्या मागे पीठ भुरभुरलं, पावलं उमटतात का बघायला. माझ्या घरून तिची जुनी, न धुतलेली सतरंजी आणली आणि जिन्याखाली अंथरली, शेजारी उकडलेल्या चिकनची वाटी. अकरा तारीख अशीच गेली. संध्याकाळी पंपाच्या खोलीबाहेरच्या पिठात चार बोटांचा फाकलेला पंजा उमटलेला दिसला.

पंपाच्या खोलीत मागच्या भिंतीला जुन्या फरश्यांची चळत टेकवलेली होती. ती त्या फटीत होती, इमारतीच्या दारापासून साठ-सत्तर पावलांवर. हात घातला असता तर ती आणखी आत सरकली असती आणि फरश्या हलल्या असत्या तर तिच्या अंगावर आल्या असत्या. शिवाय दुसरा दिवस नरक चतुर्दशीचा. पहाटे चारपासून पहिल्या आंघोळीचे फटाके सुरू होणार. आमच्याकडे रात्र तेवढी होती.

मी गोट्याला आणलं. रात्री अकराला त्याला घेऊन खोलीच्या उंबऱ्यात बसले, पाठ फटीकडे, तोंड बाहेर. चिकन त्याला भरवत राहिले. दीड वाजता फटीतून श्वासाचा आवाज जवळ आला. पावणेतीनला गोट्या उठून आळस देऊन माझ्या डाव्या बाजूला येऊन पडला आणि त्याच्या पोटाला काहीतरी टेकलं. मी वळले नाही. तसाच हात मागे नेऊन पाठीवरून ओढणी टाकली आणि तिला उचललं. एकतीस तास झाले होते. घरी पोहोचून दार लावलं आणि थोड्या वेळाने कोथरूडपासून हडपसरपर्यंत सगळं पुणं एकदम वाजायला लागलं.

त्या घरात तिला परत न देण्याचा निर्णय ताईंनीच घेतला. त्यांचा मुलगा खूप रडला. त्याला मी सांगितलं की त्याने काही चुकीचं केलेलं नाही, चूक माझी आहे, कारण ती कशी आहे हे मी त्याला खरं सांगितलं नव्हतं.

मग आम्ही फॉर्म काढून बसलो. घर स्वतःचं की भाड्याचं, आधी कुत्रं होतं का, जाळ्या आहेत का, गावाला जाताना कुठे ठेवणार? सगळे प्रश्न माणसं चांगली आहेत का हे तपासणारे होते. त्या घरातला मंगळवार कसा जातो हे कुठेच विचारलेलं नव्हतं. आता पहिल्या पानावर हे आहे: ‘संध्याकाळी सहा ते नऊ तुमच्या घरात कोण असतं, कोण येतं-जातं, काय चालू असतं, ते लिहून द्या.’ आणि आमच्या पोस्टमध्ये ‘शांत’ हा शब्द लिहायचा नाही असं ठरलं. ‘माणूस जवळ आला की हलत नाही’ असं लिहायचं.

त्या ओळीवर फोन आले सहा. त्यांतला एक कर्वेनगरच्या काकांचा. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त, पत्नी जाऊन चार वर्षं, तळमजल्याचं घर, तेरा वर्षांची जवळजवळ बहिरी स्पिट्झ कुत्री. सहा ते नऊच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: ‘रेडिओ, हळू आवाजात. पोळीवाल्या बाई सात वाजता येतात. बाकी कोणी नाही.’

डिसेंबरमध्ये ते पाच वेळा माझ्याकडे येऊन गेले. पहिल्या दिवशी आले, मी सांगितल्याप्रमाणे तिच्याकडे न बघता जमिनीवर बसले, खिशातून वर्तमानपत्राची घडी काढली आणि शब्दकोडं सोडवायला लागले. चाळीस मिनिटं. जाताना म्हणाले, “आडवे सहा राहिलं, पुढच्या वेळी बघू.” चौथ्या भेटीत ती गोट्याच्या मागून त्यांच्या बुटांपर्यंत आली आणि बूट हुंगून गेली. पाचव्या भेटीला त्यांनी त्यांच्या स्पिट्झला आणलं. दोघींनी एकमेकींना हुंगलं आणि आपापल्या कोपऱ्यात झोपल्या.

औषधाचं त्यांनीच विचारलं. “समोरून तोंड धरायला मलाही आवडणार नाही. मागून घालता येईल का?” डॉक्टर म्हणाले, येईल. लहान कुत्र्याला तर मागूनच सोपं. कुत्रं आपल्यासारखंच पुढे तोंड करून आपल्या दोन पायांच्या मधे, एक हात हनुवटीखाली, दुसरा कपाळावरून, वरची पापणी हलकी मागे, आणि थेंब वरून. कुत्र्याला बाटली येताना दिसतच नाही, समोरची बाजू मोकळी राहते. इतकी वर्षं मी हे काम करतेय, पण समोरूनच घालत आले होते. आम्ही दोन आठवडे नुसतं बसण्याची सवय लावली: मागे मी, पुढे ठकी, तिच्यापुढे मोकळं दार. उठून गेली तर जाऊ द्यायचं. जितक्या वेळा जाऊ दिलं तितकी ती जास्त वेळ बसायला लागली.

२१ जानेवारीला, संक्रांत होऊन गेल्यावर, ती कर्वेनगरला गेली. या वेळी अंगावर हार्नेस आणि गळ्यात पट्टा, दोन्हींना वेगळे दोर, तीन महिने दाराबाहेर पाऊल टाकायचं तर दोन्ही लावूनच. सतरंज्यांची वाट काकांनी आधीच अंथरून ठेवली होती, स्पिट्झच्या गादीपासून मागच्या अंगणापर्यंत. पहिल्या पंधरवड्यात कोणी पाहुणा नाही, कोणी उचलायचं नाही, फोटोसुद्धा नाही. ते दर रविवारी मला दोन ओळींचा मेसेज पाठवायचे. ‘खाल्लं. अंगणात गेली.’ ‘खाल्लं. पोळीवाल्या बाईंना बघून पळाली नाही.’ मार्चमध्ये एकदा: ‘माझे तीन मोजे तिच्या अंथरुणात सापडले. चाटून ठेवले होते. राहू देतो.’

फटाक्यांना ती अजून घाबरते. अनोळखी माणूस आला की अजून थिजते, आणि ते कदाचित तसंच राहील. गेल्या महिन्यात मी संध्याकाळी गेले तेव्हा रेडिओ चालू होता. साडेआठला काकांनी कपाटातून औषधाची बाटली काढली आणि खाली सतरंजीवर पाय पसरून बसले. हाक मारली नाही. ठकी तिच्या गादीवरून उठली, चालत त्यांच्या पायांमधे आली, आणि त्यांच्याकडे पाठ करून बसली.